नर्सिंगला नंबर लागला नाही, किंवा वेटिंगवर आहात: आता काय करायचं

बीएस्सी नर्सिंगच्या यादीत नाव नाही असं कळलं की घरात दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक म्हणतात, 'जाऊ दे, बीएला घाल.' दुसरी म्हणतात, 'आमच्या ओळखीचा एक जण आहे, सीट करून देतो.' दोघांनाही थोडं थांबवा. नंबर कशामुळे लागला नाही हे कळल्याशिवाय पुढचं कुठलंच पाऊल टाकण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक घरांत नेमकं तेच कुणी शोधत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या प्रवेशांबद्दल आहे. इथे २०२३ पासून बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी होते. सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, ती घेतं आणि प्रवेशही त्याच्याच कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधून होतात. नियमांचे तपशील दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून खाली जिथे 'माहितीपुस्तिका पाहा' असं म्हटलंय, तिथे त्या वर्षीचीच पुस्तिका पाहा. मैत्रिणीच्या बहिणीला गेल्या वर्षी काय सांगितलं होतं ते बाजूला ठेवा.

आधी नकार ओळखा

लॉगिन करून अर्जाची स्थिती, तात्पुरती आणि अंतिम गुणवत्ता यादी आणि वाटपाची यादी अशा तिन्ही गोष्टी नीट वाचा. 'नंबर लागला नाही' या एका वाक्याखाली निदान चार वेगळे प्रकार असतात.

पहिला, नाव गुणवत्ता यादीतच नाही. म्हणजे अर्ज अपुरा राहिला, फी भरली गेली नाही, कागदपत्रं नाकारली गेली किंवा पात्रतेत अडचण आली. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ४५ टक्के हवेत, इंग्रजीत उत्तीर्ण असायला हवं आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट ४० टक्के आहे. इथे बरेच जण एक चूक करतात: बारावीची एकूण टक्केवारी ६० आहे म्हणून निर्धास्त राहतात, पण नर्सिंगसाठी पीसीबीची, म्हणजे या तीन विज्ञान विषयांची, बेरीज वेगळी करून पाहिली जाते. मराठी आणि पर्यावरणाच्या गुणांनी टक्केवारी वर गेली असेल तर तिचा इथे उपयोग नाही.

दुसरा, नाव आहे, पण तुमच्या प्रवर्गात नाही. खुल्या गटात टाकलंय. हा प्रकार सगळ्यात जास्त रडवतो, कारण गुण पुरेसे असूनही नंबर हुकतो. कारण साधारण ठरलेलं असतं: जात वैधता प्रमाणपत्र नाही, नॉन-क्रिमिलेअरची मुदत उलटून गेलीय, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्याऐवजी केंद्राच्या नमुन्यातलं आहे, किंवा स्कॅन इतका धूसर आहे की तपासणाऱ्याला तारीखच दिसली नाही. तात्पुरत्या यादीनंतर हरकती नोंदवायची मुदत मिळते. ती थोड्याच दिवसांची असते आणि अनेकदा सुट्ट्यांना लागून येते. त्या मुदतीत दुरुस्ती झाली तर तुमचा 'नकार' तिथेच संपतो.

तिसरा, प्रवर्ग बरोबर आहे, गुणही आहेत, पण तुम्ही भरलेल्या कॉलेजांपैकी एकही मिळालं नाही. हा दोष पसंतीक्रमाचा. जवळची पाच-सहा कॉलेजं टाकून अर्ज बंद केला की असं होतं.

चौथा, गुणच कमी पडले. फक्त या प्रकाराला खरा नकार म्हणता येईल, आणि त्यातही कितवी फेरी चाललीय ते पाहायला लागतं.

एका कागदावर लिहा: मी कोणत्या प्रकारात आहे, माझा राज्य गुणवत्ता क्रमांक किती, माझा प्रवर्ग कोणता लागलाय. घरातल्यांशी बोलताना हा कागद समोर ठेवा. 'माझं नशीबच खराब' हे वाक्य त्या कागदावर कुठे बसत नाही.

पहिले दोन दिवस

रडू आलं तर रडा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस काही लिहू नका. 'कुठं लागला नंबर?' असं विचारणाऱ्या काकूंना 'अजून फेऱ्या चालू आहेत' एवढंच सांगा. ते खरंही असतं. त्या दोन दिवसांत कुणालाही पैसे देऊ नका आणि कुठेही मूळ दाखले जमा करू नका.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीतून बाहेर येत नसेल आणि हे आठवड्यावर गेलं, तर 'होईल ठीक' म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलं स्वतःही फोन करू शकतात. जीव नकोसा झालाय असं ती बोलली तर त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, आणि तिला एकटी सोडू नका.

वेटिंग कशी हलते

नर्सिंगची यादी इतर शाखांपेक्षा जास्त हलते, आणि त्यामागे कारण आहे. नर्सिंगचा अर्ज भरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षाही दिलेली असते. एमबीबीएस नाही तर बीडीएस, नाही तर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, आणि हे काहीच नाही झालं तर नर्सिंग, असा त्यांचा क्रम असतो. ते नर्सिंगची सीट धरून ठेवतात आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या फेऱ्यांत नाव लागलं की सोडून जातात. त्या फेऱ्या उशिरापर्यंत चालतात. त्यामुळे पहिल्या फेरीत तुमच्या पुढे दिसणारी सगळी माणसं शेवटपर्यंत पुढे राहत नाहीत. शिवाय राखीव जागांवर उमेदवार मिळाले नाहीत तर नंतरच्या टप्प्यात त्या नियमाप्रमाणे दुसऱ्या प्रवर्गांकडे वळतात. नर्सिंगच्या प्रवेशाची अंतिम तारीखही अलीकडच्या वर्षांत पुढे ढकलली गेलेली आहे. ती ढकलली जाईल असं धरून मात्र चालू नका.

तुमची शक्यता किती आहे ते असं काढा. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या वाटप याद्या मिळवा. तुम्हाला हव्या असलेल्या कॉलेजात, तुमच्या प्रवर्गात, पहिल्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या गुणवत्ता क्रमांकावर झाला आणि शेवटच्या फेरीत कोणत्या, हे शेजारी शेजारी लिहा. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे यादी किती सरकते याचा अंदाज. पर्सेंटाइलवरून तुलना करू नका. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा क्रमांक बदलतो, आणि सीट मिळते ती गुणवत्ता क्रमांकावर. तुमचा क्रमांक गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या आसपास असेल तर थांबण्यात अर्थ आहे. दुप्पट लांब असेल तर त्या कॉलेजची आस सोडा. यादीतली बाकीची कॉलेजं मात्र सोडू नका.

प्रत्येक फेरीच्या आधी पुस्तिकेत तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. या फेरीत नव्याने पसंतीक्रम भरायचा आहे की जुनाच चालतो? मिळालेली सीट घेतली तर पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळण्याचा हक्क राहतो का? आणि मिळालेली सीट नाकारली तर मी पुढच्या फेऱ्यांतून बाद होते का? आरोग्यविज्ञानाच्या कॅपमध्ये 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म असतो. तो भरला म्हणजे 'मला हीच सीट ठेवायची आहे, पुढे विचार करू नका' असं तुम्ही लिहून देता. कॉलेजातला क्लार्क घाईत हा कागद पुढे सरकवतो आणि मुलं न वाचता सही करतात. सहीआधी वाचा, आणि समजलं नाही तर वाचून दाखवायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि फोन चालू ठेवा. अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिला असेल तर आजच दुरुस्तीचा मार्ग शोधा.

पसंतीक्रम पुन्हा भरायचा असेल तर

संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक उमेदवार घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत पहिली रिकामी सीट देतो. म्हणून मिळणार नाही असं वाटणारं कॉलेज सगळ्यात वर टाकल्याने काहीही नुकसान होत नाही. 'आधी मिळणारं टाक, नाहीतर तेही जाईल' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. क्रम खऱ्या आवडीचा ठेवा.

लांबी मात्र वाढवा. आधी सरकारी कॉलेजं, मग जिथे स्वतःचं मोठं रुग्णालय आहे ती, मग बाकीची. जिल्ह्याबाहेर जायची तयारी घरी आधीच बोलून घ्या. नंदुरबारच्या मुलीला सांगलीत सीट मिळाल्यावर 'इतक्या लांब नको' म्हणणारे वडील तिची फेरीही घालवतात. जिथे काही झालं तरी जाणार नाही ते कॉलेज यादीत टाकूच नका.

पैशाचा हिशेब आधी, ओळखीचा माणूस नंतर

कॅप संपल्यावर उरलेल्या जागांसाठी संस्था स्तरावरची फेरी होते. तिथे अनेकदा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आपोआप नाव जात नाही. बऱ्याच मुलींना हे कळतं तेव्हा यादी लागून गेलेली असते. हवी ती कॉलेजं निवडून रोज सकाळी त्यांची वेबसाइट आणि सूचनाफलक पाहा, अर्ज दिल्यावर पोच घ्या.

मुलींसाठी एक मोठा फरक इथे पडतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळते. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश यातून वगळलेले आहेत, अभिमत विद्यापीठंही. म्हणजे घरापासून दोनशे किलोमीटरवरची कॅपची सीट आणि घराजवळची मॅनेजमेंटची सीट यांत चार वर्षांच्या फीचा फरक पडू शकतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च धरूनही लांबची सीट स्वस्त पडते, असं अनेकदा दिसेल. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज करायला विसरू नका. सवलत आपोआप खात्यात येत नाही.

मॅनेजमेंटची सीट घ्यायचीच असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजची किती फी मंजूर केलीय ते त्याच्या वेबसाइटवर पाहा. त्यापेक्षा जास्त मागणं, 'डोनेशन' म्हणून पावतीशिवाय रक्कम घेणं बेकायदा आहे; महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरुद्ध १९८७ पासून कायदा आहे. मंजूर रकमेची पावती मिळणार नसेल तर त्या टेबलावरून उठा.

एजंट, परराज्य आणि सहा महिन्यांचा कोर्स

सीमाभागात आणि मराठवाड्यात ऑगस्ट उजाडला की बेंगळुरूच्या कॉलेजांचे एजंट फिरू लागतात. सगळंच बनावट असतं असं नाही. कर्नाटकात चांगली नर्सिंग कॉलेजं भरपूर आहेत. पण चांगल्या कॉलेजला एजंटची गरज कमी असते. 'सीट फक्त आजच आहे', 'हजेरीचं आम्ही बघतो', 'परीक्षेलाच या' यापैकी एक वाक्य जरी ऐकलं तरी तिथून निघा. परिचर्या परिषदेचा नियम थिअरीला ८० टक्के हजेरी मागतो, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकांचे तास शंभर टक्के पूर्ण करायला सांगतो. ज्या मुलीने वॉर्डात हात धुऊन इंजेक्शन दिलेलंच नाही तिला कागदावर नर्स करणारं कॉलेज तिच्या पुढच्या तीस वर्षांशी खेळतंय. रुग्णांशी खेळतंय ते वेगळंच.

कुठल्याही कॉलेजसाठी, इथलं असो वा बाहेरचं, या गोष्टी तपासा. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता या वर्षासाठी आहे का. विद्यापीठाची संलग्नता आहे का. महाराष्ट्रात बीएस्सीसाठी ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, नाहीतर संस्था स्वतः अभिमत विद्यापीठ असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या वेबसाइटवरच्या यादीत नाव आहे का. परराज्यातून शिकून इथे नोकरी करायची तर पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी लागते. म्हणून त्या कौन्सिलला आधीच विचारा की या कॉलेजच्या मुलींची नोंदणी होते का.

मग प्रत्यक्ष जा. बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला निदान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. खाटा मोजू नका, त्यांवरची माणसं मोजा. सकाळी आठच्या सुमाराला युनिफॉर्ममधल्या मुली गेटवर भेटतील, त्यांना विचारा: पोस्टिंग कुठे असते? लेबर रूममध्ये किती दिवस मिळतात? शिकवायला सिस्टर येतात की तुम्हालाच स्टाफ म्हणून वापरतात? तिसऱ्या प्रश्नावर त्या एकमेकींकडे पाहून हसल्या तर उत्तर मिळालं.

आता सहा महिन्यांचे आणि वर्षाचे 'नर्सिंग कोर्स'. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर त्यांचे फलक दिसतात. रुग्णसेवक किंवा सहायक म्हणून काम शिकवणारे काही कोर्स प्रामाणिक असतात, त्यातून पोट भरतं. पण त्यातून कुणी नोंदणीकृत नर्स होत नाही. राज्य कौन्सिलची नोंदणी देणारे पहिल्या पायरीचे अभ्यासक्रम तीनच: एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगची पदविका) आणि बीएस्सी. चौथं नाव ऐकलं की 'कौन्सिलचा नंबर मिळतो का?' एवढंच विचारा.

जीएनएमकडे नाक मुरडू नका

माझं मत स्पष्ट आहे: ज्या मुलीला खरंच नर्स व्हायचंय आणि बीएस्सीला चांगल्या ठिकाणी नंबर लागत नाहीये, तिने दुय्यम बीएस्सी कॉलेजपेक्षा चांगल्या रुग्णालयातलं जीएनएम घ्यावं. मुंबई महापालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांच्या परिचर्या शाळांत जीएनएम करणारी मुलगी तीन वर्षांत जेवढे रुग्ण पाहते, तेवढे एखाद्या रिकाम्या खाटांच्या कॉलेजात चार वर्षांत दिसत नाहीत.

हिशेबही करून पाहा. जीएनएम तीन वर्षांचं. त्यानंतर नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं. म्हणजे पाच वर्षांत पदवी, थेट बीएस्सीपेक्षा एकच वर्ष जास्त. वर्षभर घरी बसून पुन्हा सीईटी देणारी मुलगीही पाच वर्षांनीच पदवीधर होते, तेही नंबर लागला तर. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉरसेट परीक्षा बीएस्सीवाल्यांना थेट देता येते. जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. फरक आहे, पण दार बंद नाही.

जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेतून चालते, एकूण आणि इंग्रजीत ४० टक्के हवेत. म्हणजे ज्यांची पीसीबीची बेरीज ४५ ला टेकली नाही त्यांनाही हा रस्ता आहे. एएनएम दोन वर्षांचं, मुलींसाठी. उपकेंद्रावरची नर्सबाई त्यातूनच येते. या दोन्हींच्या प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत राहिलीय, म्हणून बीएस्सीच्या यादीची वाट बघत बसताना या जाहिरातींवरही डोळा ठेवा. त्यांची मुदत आधी संपली तर हळहळ उरते.

मुलांसाठी: अर्जाआधी कॉलेज फक्त मुलींसाठी आहे का ते पाहा. अशी कॉलेजं बरीच आहेत.

वर्ष थांबायचं ठरलं तर

थांबणं तेव्हाच योग्य, जेव्हा नकार कागदपत्रांमुळे आला होता किंवा गुण थोडक्यात हुकले होते. क्रमांक फारच मागे असेल आणि गेल्या वर्षीही मन लावून अभ्यास केला असेल, तर जीएनएम घ्या.

नर्सिंगची सीईटी १०० गुणांची, १०० प्रश्नांची आहे. भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड यांना प्रत्येकी २० गुण, वेळ ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बहुतेक मुलं सगळं वर्ष भौतिकशास्त्राशी झगडतात आणि इंग्रजी, ॲप्टिट्यूड शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. ते ४० गुण आहेत. मराठी माध्यमाच्या मुलींनी रोज अर्धा तास इंग्रजी उताऱ्याला दिला तर तिथे जेवढी वाढ होते तेवढी भौतिकात होणं अवघड. सराव परीक्षा संगणकावरच द्या, कारण खरी परीक्षाही संगणकावर असते. नीटही द्यायचीच असेल तर लष्करी परिचर्या सेवेचा पर्याय लक्षात ठेवा: पुण्याचं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी यांच्यासह सहा कॉलेजांत मुलींसाठी मिळून २२० जागा असतात आणि निवडीसाठी नीट लागते.

पीसीबी ४५ च्या खाली असेल तर राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, तिचा अर्ज वेळेत भरा.

या वर्षात एखाद्या छोट्या दवाखान्यात 'नर्स' म्हणून कामाला लागू नका. नोंदणीशिवाय इंजेक्शन-सलाईन देणं तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. रिसेप्शन, औषधांचं दुकान, लॅबमधलं नोंदीचं काम चालेल.

जात वैधतेचा अर्ज पुढच्या सीईटीची वाट न पाहता आत्ताच करा. आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी शोधायला महिने जातात. समितीने त्रुटी काढली की पुन्हा फेरी. नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपतं, म्हणून पुढच्या प्रवेशाच्या वेळी चालू असेल असं नवं काढून ठेवा. आधार, दहावीची सनद आणि जातीचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते पाहा, नसेल तर राजपत्रातला नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते करून घ्या. शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र प्रवेशावेळी मागतात, ते तेव्हा एका दिवसात होतं. बाकी सगळ्याचे स्कॅन आजच करा, रंगीत, तारीख आणि शिक्का वाचता येईल असे.